ईशान्येचा दगड

कुणी मला भक्तमाणूस म्हणालं की माझं डोकं फिरतं. समोरचा बिचारा चांगल्या मनाने म्हणत असतो आणि मी त्याच्यावर खेकसतो. मग तो चार जणांना सांगतो, बघा, याला स्वतःची स्तुतीसुद्धा सहन होत नाही, केवढा निर्मळ माणूस! यावर काय बोलणार? म्हणून लिहायला बसलो आहे. चौथीपर्यंतची शाळा आणि पुढे श्रावणात वाचलेल्या पोथ्या, एवढंच माझं शिक्षण. लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

मी गवंडी. बाप गवंडी, आजाही गवंडी. शहाद्याहून तापीकडे निघालं की गोमाई नदीच्या काठाला आमचं गाव. वस्ती बहुतेक गुजर शेतकऱ्यांची. कापूस, केळी, नंतर नंतर ऊस. तेव्हा सिमेंट परवान्यावर मिळायचं आणि परवाना मिळेपर्यंत घर बांधणारा म्हातारा व्हायचा. पक्कं काम म्हणजे काळा दगड आणि चुना. चुनखडी भाजायची, बैलाच्या घाण्यात दळायची, गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर घालून मुरवायची. घाई केली की भिंत दोन पावसाळ्यांत सगळं ओकून टाकते.

गावकीचं काम असलं की मजुरीचा शब्द काढायचा नाही, अशी वडिलांची शिकवण. शाळेच्या दोन खोल्या, गुरांना पाणी प्यायचा हाळ, दोन विहिरींचे कठडे, स्मशानातला ओटा, सगळं मी नुसत्या भाकरीवर बांधलं. माझ्या घराचं धाबं मात्र दर पावसाळ्यात गळायचं. बायको भांडी मांडून ठेवायची आणि म्हणायची, गावाच्या डोक्यावर छप्पर घालणारा माझ्या कपाळी आला. चिडून नाही म्हणायची. तिलाही माझं कौतुक होतं, आणि मला तर फारच होतं. सोमवार, एकादशी, गळ्यात माळ, सकाळी थापीला कुंकू लावल्याशिवाय कामाला हात नाही. गावात कुणी भांडलं तरी निवाड्याला मला बोलवत. मी तिशीतच वडीलधारा झालो होतो आणि ते मला आवडत होतं.

आमचा महादेव तेव्हा उघड्यावर, पिंपळाखाली होता. पन्नास सालानंतर पाच-सहा वर्षांत कधीतरी गावाने ठरवलं की देऊळ बांधायचं. दगड गावाने दिला, बैलगाड्या गावाने दिल्या, मी माझी दोन वर्षं दिली. पाया भरून झाला. आमच्याकडे पद्धत अशी की जमिनीच्या वरचा पहिला दगड ईशान्येच्या कोपऱ्यात बसवायचा, मुहूर्तावर, पूजा करून. तो दगड लांब हवा, कोपरा बांधून ठेवणारा. मी आठ दिवस खपून तो घडवला होता. भटजींनी वैशाखातला मुहूर्त काढून दिला आणि बजावलं, हा चुकला तर पुढे अधिक महिना, मग चातुर्मास. कार्तिकाशिवाय दगड लावता येणार नाही.

मुहूर्ताच्या आदल्या दुपारी टाकीचे शेवटचे चार घाव घालत होतो आणि दगड दुभंगला. आत शीर होती. गवंड्याच्या नजरेतून शीर सुटणं ही लाजेची गोष्ट, आणि सुटली होती माझ्या नजरेतून. गावाला सांगितलं असतं तर काय झालं असतं? लोक हळहळले असते आणि कार्तिकात देऊळ सुरू झालं असतं. पण ज्याला सगळे मानतात त्याला चुकलो म्हणणं फार जड जातं. मी दोन्ही तुकडे गोणपाटाखाली झाकले, गाडी जुंपली आणि एकटाच नदीत उतरलो.

नदी आटली होती. दोन वर्षांपूर्वी मोठा पूर येऊन गेला होता. वरच्या अंगाला कोसाभरावर भिल्लांची वस्ती होती, तिचा काठच त्या पुराने तोडून नेला होता. वाळूत काय काय अडकलेलं दिसायचं. खोडं, जात्याची तळी, फुटकी मडकी. त्यातच मला अर्धा पुरलेला तो दगड दिसला. काळा, लांब, कडा सरळ, वरची बाजू हातानं तासावी तशी सपाट. मी हात जोडून म्हणालो, देवा, तूच धाडलास. पहार, दोन ओंडके आणि बैलांचा जोर यांवर तो गाडीत चढवला.

दिवस मावळायच्या आत जागेवर येऊन तो पालथा केला आणि पाणी मारलं. वाळू निघून गेली तशी खालची बाजू दिसायला लागली. घोडा, घोड्यावर माणूस, माणसाच्या हातात तलवार. वरच्या अंगाला चंद्र आणि सूर्य. खोबणीत शेंदूर अजून धरून होता.

आमच्या भागात राहणाऱ्याला तो दगड कशाचा हे विचारावं लागत नाही. भिल्लांच्या घरचं मोठं माणूस गेलं की त्याच्या नावाने असा दगड उभा करतात. खत्री म्हणतात त्याला. त्याला शेंदूर लावतात, शेतातलं नवं धान्य आधी त्याच्यापुढे ठेवतात आणि मग घरात खातात. म्हणजे तो कुणाचा तरी बाप होता. मला हे कळलं नव्हतं असं पुढे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण कळलं होतं. तिथे उभ्या उभ्या, ओल्या हातांनी, सगळं कळलं होतं.

गाडी तिथेच होती, बैल सोडलेले नव्हते. परत नेऊन ठेवता आला असता. मी मात्र स्वतःशी वाद घालत बसलो. नदीने आणलेलं कुणाचं नसतं. दगडात दगड, शेवटी सगळ्यांत देवच. आणि देवळात लागणार म्हणजे त्याचं सोनंच होणार ना? पोथी वाचणाऱ्या माणसाला कारणांचा तोटा नसतो. मग मी मुरलेला बारीक चुना घेतला आणि अंगठ्याने दाबून दाबून ती खोबण भरली. घोडा भरला, माणूस भरला, चंद्र-सूर्य भरले. सकाळी लोक जमायच्या आत ती बाजू भिंतीच्या आत जाईल असा दगड मांडून ठेवला.

मुहूर्तावर ढोल वाजला. पाच सवाष्णींनी दगडाला कुंकू लावलं, त्यात माझी बायको होती. कुणीतरी म्हणालं, काय दगड घडवलाय! मी मान लववली.

त्याच हिवाळ्यात त्या वस्तीवरचा एक भिल्ल कामाला आला. माझ्याच वयाचा, उंच, बोलणं कमी. पुरानंतर त्यांची वस्ती उंचावर सरकली होती, तिथून तो आणि त्याची बायको रोज चालत यायचे. मी त्याला चुन्याच्या घाण्यावर घातलं. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की हा माणूस चुना दोन बोटांत चोळून सांगतो, अजून एक दिवस मुरू द्या. आणि त्याचं बरोबर असायचं. मी त्याला थर लावायला शिकवलं, ओळंबा धरायला शिकवलं. घरी ते भिल्ली बोलत, माझ्याशी तो आमच्या अहिराणीत बोलायचा. मला मिस्तरीदादा म्हणायचा. मलाही तो आवडायला लागला.

जोतं पूर्ण झालं होतं तेव्हाची गोष्ट. दुपारी आम्ही जोत्याच्या सावलीला भाकरी खायला बसलो होतो. तो ईशान्येच्या कोपऱ्याला पाठ टेकून बसला होता.

"मिस्तरीदादा," तो म्हणाला, "तुमी दगडना माणूस. नदीमा कोठे घोडावाला दगड दखा का?"

"कसाना घोडा?"

"मन्हा बापना दगड शे. पूर उना तवय वाही गया. वर चांद-सूर्य शेतस."

माझ्या तोंडात घास होता. तो गिळायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मला खरं बोलायला मिळाला होता.

"नही रे भाऊ," मी म्हणालो. "नदीनं दूर नेला व्हई."

त्याने मान हलवली आणि भाकरी खायला लागला. मग त्याने सहज सांगितलं, तो घरात थोरला. नवं धान्य बापाला द्यायचं काम त्याचं. "बापले दिधाशिवाय मी नवं कशे खावू?" मुलंबाळं खात होती, त्यांना अडवून चालत नाही. पण पुरापासून त्याने स्वतःच्या शेतातला दाणा तोंडात घातला नव्हता. दुसऱ्याकडचं जुनं धान्य आणायचा आणि तेच खायचा. त्यानंतर माझं रोज लक्ष जायला लागलं. त्याची बायको दोन फडकी आणायची. एका फडक्यात त्यांच्या शेतातल्या मक्याची पांढरी भाकरी, ती तिची. दुसऱ्यातली काळपट जुन्या ज्वारीची, ती त्याची. मी रोज ती भाकरी पाहायचो आणि रोज गप्प बसायचो.

वैशाखात नदी आटली की तो आठ-दहा दिवस काम सोडायचा आणि खोरं घेऊन वाळू उकरायचा. तोपर्यंत भिंती वर चढल्या होत्या. परांचीवर उभं राहिलं की नदीचं पात्र दूरवर दिसतं. मी शिखराचे थर लावत होतो आणि खाली तो खड्डे खणत होता. एक खड्डा झाला की दहा पावलं पुढे जाऊन दुसरा. लोक म्हणत, भिल्ल खुळावला. मी त्यांना दटावायचो, म्हणायचो, बापासाठी करतोय, हसू नका. यावरही लोकांनी माझंच कौतुक केलं.

देऊळ पूर्ण झालं. कळस चढला त्या दिवशी गावाने मला फेटा बांधला, धोतरजोडी दिली, बायकोला लुगडं दिलं. तो आणि त्याची बायको लांब, पिंपळापलीकडे उभी होती. प्रतिष्ठा होईपर्यंत गाभाऱ्यात त्याचेच हात फिरत होते, आता त्याला पायरीखाली थांबायचं होतं. तेही मला खटकायला हवं होतं. त्या दिवशी नाही खटकलं.

पुढच्या साली मला एक युक्ती सुचली. मी त्याला म्हणालो, तुझ्या बापाचा नवा दगड मी घडवतो. त्याला आधी खरंच वाटेना. मी चांगला दगड निवडला, शीर पारखून घेतली, आणि घोडा, माणूस, चंद्र, सूर्य असे कोरले की जुन्याहून चांगले. कोरताना मला जुना बघावा लागला नाही, तो माझ्या अंगठ्याला पाठ होता. गावात बातमी फिरली की मिस्तरीने भिल्लासाठी फुकट देव घडवला. काय सांगू? वरून कीर्तन, आतून तमाशा, अशी माझी गत.

वस्तीवर दगड उभा करायच्या दिवशी मला मानाने नेलं, बाजेवर बसवलं. त्यांच्या भगताने ज्वारीचे दाणे घेतले. मुठीतून दाणे टाकायचे, जोड्या लावायच्या, जोडी जमली की मेलेला माणूस नव्या दगडात यायला राजी. पहिल्यांदा एक दाणा उरला. दुसऱ्यांदा उरला. तिसऱ्यांदाही उरला. भगताने दाणे गोळा केले आणि म्हणाला, येत नही. कोठे तरी दबाई गया शे, आधी त्याले उठाडा.

ऊन स्वच्छ होतं आणि सगळी वस्ती माझ्याकडे बघत होती. संशयाने नाही, दगड फुकट गेला म्हणून ओशाळून बघत होती. मी तोंड उघडलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं. मी म्हणालो, "पाहू, पुढे पाहू."

"मंग तो नदीमाच शे," तो म्हणाला. "आखो खोदसू."

त्याची बायको माझ्यासाठी कोंबडं कापायला निघाली होती. मी माळकरी म्हणून तिने मला गुळाचा चहा केला. मी तो प्यायलो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. सगळं, अगदी चुन्यापर्यंत. ती पीठ मळत होती, हात तसाच परातीत राहिला. तिने आधी एकच विचारलं, "मी त्याच दगडले कुकू लायं?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून तिने देवळाच्या प्रदक्षिणा सोडल्या. बायकांनी विचारलं तर सांगायची, गुडघे दुखतात. तिशी जेमतेम उलटली होती तिची. मी रागावलो तर म्हणाली, "मी कोना बापना भवती फेरा मारू? तुमी त्याले सांगी द्या, मंग मी जासू."

सांगी द्या. म्हणायला दोन शब्द. मी आज सांगतो, उद्या सांगतो करत तीन श्रावण घालवले. त्या तिन्ही श्रावणांत मी त्याच देवळात बसून पोथी वाचली आणि लोकांना अर्थ सांगितला. मुंबईचं राज्य जाऊन महाराष्ट्र झाला, शाळेत पेढे वाटले, शहाद्याची एसटी गावापर्यंत यायला लागली. आणि वैशाख आला की तो नदीत उतरत होता.

शेवटी एका सकाळी मी खाली गेलो. तो छातीइतक्या खड्ड्यात उभा होता. कानांपाशी केस पिकले होते. मला पाहून हसला आणि बाहेर यायला हात मागितला. मी हात दिला, वर घेतलं, आणि हात न सोडताच सांगून टाकलं. मला वाटलं होतं तो खोरं उगारेल, आणि खरं सांगतो, उगारलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्याने हात सोडवून घेतला.

"कोनता कोपरामा?"

"ईशान्य. नदीकडला."

"तोंड बाहेर शे का मझार?"

"मझार."

तो देवळाकडे बघत राहिला. "मंग इतला वरीस त्याले काहीच दिखनं नही," तो म्हणाला. मग विचारलं, "काढता येई का तो?"

काढला तर गावाला कळणार होतं. का काढला, कुणाचा होता, कुणी बसवला. फेटा, पोथी, निवाडे, सगळं जाणार होतं. मला लाज वाटते हे लिहायला, पण सहा वर्षांनी खरं बोलायला गेलेलो मी, माझं पहिलं खरं अजून वाऱ्यावर होतं तोच म्हणालो, "निघाव नही. खालना दगड शे. काढा तर देऊळ पडी जाई."

त्याने विश्वास ठेवला. दगडाच्या बाबतीत तो माझ्यावर विश्वासच ठेवायचा. त्याने तो खड्डा बुजवला, कुणाचं गुरू पडू नये म्हणून, आणि घरी गेला.

त्या भादव्यात तो मक्याची पाच कणसं घेऊन आला आणि देवळाच्या बाहेरून, ईशान्येच्या कोपऱ्यापाशी ठेवली. शेंदराचं बोट भिंतीला लावलं. पुजारी ओरडायला धावला, मी त्याला थांबवलं. लोक म्हणाले, मिस्तरीच्या संगतीने भिल्लसुद्धा महादेवाला लागला. त्या संध्याकाळी त्याने घरी जाऊन नव्या मक्याची भाकरी खाल्ली, हे मला त्याच्या बायकोने सांगितलं. मला वाटलं, चला, मिटलं. बायको पुन्हा प्रदक्षिणेला जायला लागली. मी कामाला लागलो आणि तो पहिल्यासारखा माझ्या हाताखाली येऊ लागला.

पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या एका शेतकऱ्याच्या माडीच्या कोपऱ्याला भरल्या गाडीचा आस धडकला. तळातला दगड फुटला. वर दोन मजल्यांचं ओझं. माझ्या वडिलांनी अशी कामं केलेली, मीही केलेली. वरच्या थराला टेकू द्यायचे, सांध्यातला चुना टोकरायचा, फुटका दगड सरकवून काढायचा आणि दुसरा आत घालायचा. दीड दिवसाचं काम. मी टेकू लावले, मुख्य टेकूला त्याला उभं केलं आणि टोकरायला बसलो. हात आपले सवयीने चालत होते. देवळाच्या दगडाबद्दल त्याला काय सांगून बसलो होतो याची शुद्धच नव्हती मला, शपथेवर सांगतो. दगड सुटला, मी तो दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढला आणि वर पाहिलं, माडी जागची हलली नव्हती.

तो टेकूला खांदा लावून उभा होता. त्याने त्या मोकळ्या झालेल्या जागेकडे पाहिलं. वरच्या भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हाऊ खालना दगड त निघना," तो म्हणाला.

नवा दगड बसवायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. तेवढा वेळ त्याने टेकू धरून ठेवला. खांदा हलवला नाही. दगड बसला, चुना भरून झाला, तेव्हा त्याने हातपाय धुतले आणि गेला. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही, त्यानंतरही कधी आला नाही. मी त्याच्या वस्तीवर गेलो नाही. देवळाच्या त्या कोपऱ्यात दर भादव्यात कणसं दिसायची. ती दिसली की मी मागच्या वाटेने घरी यायचो.